गळती आणि अबोला

आधीच सांगते, गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण आमच्याकडे त्या दहा-बारा दिवसांत काय काय झालं ते मी सांगेन तसंच झालं. त्यात तपशिलाची चूक निघायची नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. चारशे नंबर तोंडपाठ होते. कुणाचा आवाज ऐकला की नंबर सांगायचे.

आमचे हे पाणीखात्यात होते. हुद्दा गळती निरीक्षक. रस्त्याखाली कुठे पाइप झिरपतोय ते हुडकायचं, ओल्या जागेभोवती खडूने गोल काढायचा, गोलात तारीख टाकायची आणि घरी यायचं. खणणारे वेगळे, जोडणारे वेगळे. ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ हे वाक्य यांनी सरकारी कागदावर किती वेळा लिहिलं असेल देव जाणे, आणि एकदाही त्यात यांना विनोद दिसला नाही. चौतीस वर्षांत स्वतःच्या हाताने एक नळ बसवलेला नाही या माणसाने. आमच्या मोरीतला नळ गळायला लागला की हे त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याने बघायचे आणि म्हणायचे, ‘गळतोय.’ मी म्हणायचे, ‘धन्य झाले.’

तर त्या बुधवारी सकाळी आमच्या जुन्या गाडीच्या नाकाखाली हिरवं थारोळं दिसलं. बोट लावून वास घेतला, गोडसर. कूलंट, इंजिन गार ठेवायचं पाणी. यांनी खिशातून खडू काढला. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खडू खिशात असतोच. गोल काढला, तारीख टाकली.

कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन वाकून बघून गेला. ‘काका, रेडिएटरच्या खालचा होज पाइप गेलाय. तासाभराचं काम आहे, गाडी आणून सोडा.’

‘मी घरी करीन,’ हे म्हणाले.

गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

आता हे घरी का करायचं होतं, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा हौशी आहे. यांचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादा तीन वर्षांपूर्वी एका सकाळी गाडी घेऊन पाव आणायला गेले. संध्याकाळी सापडले ते चाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोलपंपावर. पंपावरच्या माणसालाच विचारत होते, ही गाडी कुणाची उभी आहे हो इथे? मग ते गाडी विसरले, मग रस्ते, मग आम्हाला. आता ते खिडकीशी बसून असतात आणि मी भेटायला गेले की मला ‘ताई’ म्हणतात, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे असून. तेव्हापासून यांनी धसका घेतलाय. चष्मा सापडला नाही की यांचा चेहरा पांढरा पडतो. मरणाला भीत नाहीत, डोक्याला भितात. एखादं नवं काम शिकून पुरं केलं की यांना वाटतं, चला, अजून आहे डोकं जागेवर. म्हणून रेडिएटर.

गुरुवारी सकाळी इंजिन गार असताना सुरुवात झाली. मी टॉर्च धरून. हे पुठ्ठ्यावर पाठ टाकून गाडीखाली. वरचं झाकण काढून ठेवलं, खाली जुना टब लावला, कूलंट टबात सोडलं. खालचा होज सोडवायला पाऊण तास लागला, कारण तो उकळून उकळून तिथे चिकटलाच होता. निघाला तेव्हा तोंडाशी चांगली बोटभर चीर. हे इतके खूश झाले की मला चीर दोनदा दाखवली. नवा होज बसवला, क्लॅम्प आवळला, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं मिसळून हळूहळू भरलं. सगळं कसं सुरेख झालं. खरंच झालं, मी उगाच नाही म्हणणार.

आणि मग झाकण सापडेना. गाडीखाली बघितलं, टबात बघितलं, कुंड्यांमागे बघितलं. माझा हात टॉर्च धरून भरून आलेला, गॅसवर भाजी करपायला आलेली. तासाभराने झाकण यांच्याच शर्टाच्या खिशात निघालं.

‘झालं!’ मी म्हणाले. ‘लागलात दादांच्या वाटेला.’

तोंडातून निघून गेलं. असं काही बोलायचं म्हणून मी उभी नव्हते तिथे. यांनी झाकण बसवलं, नीट फिरवून घट्ट केलं, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता आत गेले. त्या क्षणापासून तोंडाला कुलूप.

अबोला आमच्याकडे नवा नाही. अडतीस वर्षांत चौदा झाले. सगळ्यात मोठा अकरा दिवसांचा, पडद्यांच्या रंगावरून. चौदाच्या चौदा वेळा आधी बोलले ते हे. मी एकदाही नाही. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, स्वतःची जोडायला मात्र माझा हात पुढे होत नाही, काय करू! अबोल्यात स्वयंपाक चालू, चहा वेळेवर, इस्त्री वेळेवर. फक्त बोलायचं ते हवेशी. फारच अडलं तर लेकीला फोन लावायचा.

‘तुझ्या बाबांना सांग, चहा निवतोय.’

‘आई, बाबा तुझ्यासमोर बसलेत ना?’

‘समोर बसलेत म्हणून काय झालं?’

मग यांचा फोन वाजायचा. हे ऐकायचे, ‘बरं’ म्हणायचे आणि कप उचलायचे. लेक म्हणायची, माझी नोकरी सोडून तुमच्या दोघांचं एक्स्चेंज चालवते आता. शिवाय हल्ली तिला भारी घाई. मी काही सांगायला लागले की ‘आई, हे तू मला सकाळीच सांगितलंस.’ मी म्हटलं, दोनदा ऐकलंस तर कान झिजायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी नऊला यांनी गाडी सुरू करून पंधरा मिनिटं तापवली. खाली केकचा ट्रे ठेवलेला, माझा, न विचारता. इंजिनाशेजारी एक प्लास्टिकची टाकी असते, जास्तीचं कूलंट तिच्यात येतं. पहिल्या भरण्यात ती गळ्यापर्यंत भरली गेली होती, म्हणून तापल्यावर तिच्या नळीतून थोडं बाहेर पडलं. एवढंच. आज मला हे माहीत आहे. तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त यांचा चेहरा बघितला. ट्रेकडे बघत उभे होते. मग उकिडवे बसले, ट्रे बाजूला केला, त्याच जागी जमिनीवर गोल काढला, तारीख टाकली. उठताना गाडीच्या बॉनेटला धरून उठले.

सॉरी म्हणायचं तर अबोला. म्हणून मी आपली वाट काढली. शनिवारी सहाला उठले, हे झोपलेले होते. मापाचा स्टीलचा कप भरून पाणी घेतलं, आवाज नको म्हणून मागच्या दाराने, घरामागच्या ओल्या गवतातून गाडीपाशी गेले आणि त्या टाकीत ओतलं. टाकी इतकी जुनी की चहासारखी पिवळी पडलीय, आतली पातळी दिसत नाही. अंदाजपंचे एक कप. मनात आलं, हे झाकण उघडून बघतील, टाकी भरलेली दिसेल, म्हणतील गळती थांबली. माझी माफी पण मागून होईल आणि शब्दही खर्ची पडायचा नाही.

आता गंमत बघा. हे रोज संध्याकाळी, गाडी गार झाल्यावर, ट्रेमधलं मापून तेवढंच बाटलीतलं नवं कूलंट त्याच टाकीत ओतत होते. खात्याचा नियम, गेलं तेवढं भरायचं. सकाळी मी, संध्याकाळी हे. भरलेल्या टाकीत दोघं मिळून भरतोय, आणि नऊ वाजता गाडी तापली की ती बिचारी सगळं बाहेर टाकतेय. बोलत असतो तर चहा पिता पिता उलगडा झाला असता. पण बोलायचं कुणी?

रविवारी ट्रेमध्ये जास्त. सोमवारी त्याहून जास्त. जमिनीवर गोलांची रांग लागली. हे पुन्हा गाडीखाली गेले, क्लॅम्प परत आवळला, होज पुसून कोरडा केला, त्यावर टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला. टिश्यू कोरडा, ट्रे ओला. जोडावर बोट फिरवलं, कोरडं. रेडिएटरच्या जाळीवर टॉर्च मारला, कोरडी. चौतीस वर्षांत या माणसाला न सापडलेली गळती नव्हती आणि इथे स्वतःच्या दारात सापडेना. त्यात पाण्याचा हिरवा रंग रोज फिका व्हायला लागला. मी मात्र खिडकीतून बघून मनात म्हणत होते, अगं बाई, गळती फारच मोठी दिसते, आणि दुसऱ्या दिवशी कप काठोकाठ भरत होते.

बुधवारी हे कूलंटची बाटली पिशवीत घालून कुठेतरी गेले आणि रिकाम्या हाताने आले. गुरुवारी ट्रेमध्ये पुन्हा पाणी. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मी लेकीला फोन लावला.

‘बाबांना विचार, भाजीत काय कमी होतं.’

लेक म्हणाली, ‘आई, सांगू नको म्हणालेत, पण सांगते. बाबांनी मला मेंदूच्या डॉक्टरची वेळ घ्यायला लावलीय. सोमवारी अकराची. म्हणाले, माझं दादासारखं सुरू झालंय. मी काहीतरी करतो आणि मला आठवत नाही.’

‘काय करतात?’

‘गाडीत पाणी ओततात म्हणे. बाटली गॅरेजवाल्याकडे नेऊन ठेवली, तरी टाकी भरतेच आहे. घरात दोनच माणसं, आणि आईला गाडीतलं काही कळत नाही, म्हणजे मीच ओतत असणार, म्हणाले.’

फोन कसा ठेवला मला सांगता येणार नाही. ती रात्र मी कूस बदलत काढली आणि शुक्रवारी, सहाला सवयीने कप ओतून झाल्यावर, नऊ वाजता पुन्हा बाहेर गेले. हे उकिडवे बसले होते. नवा गोल काढला होता. आत तारीख होती आणि तारखेखाली, शाळेतल्या मुलासारख्या अक्षरात, ‘मी ओतलं का?’

‘अहो,’ मी म्हणाले.

चौदा अबोले जिंकलेली मी, पंधराव्यात हरले. यांनी वर बघितलं.

‘तुम्ही नाही ओतलं. मी ओतलं. रोज सकाळी सहाला, एक कप. तुम्हाला टाकी भरलेली दिसावी म्हणून.’

‘तू?’

‘मी.’

‘रोज?’

‘मागच्या शनिवारपासून. आजसुद्धा.’

यांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, ‘म्हणजे डोकं ठीक आहे माझं?’

‘ठीक कधी होतं? पण होतं तसंच आहे.’

हे हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले, हातातल्या फडक्याने पुसले आणि गालभर काळं करून घेतलं. मी तिथेच पायरीवर बसले आणि सरळ सांगितलं, की त्या दिवशी मी बोलले ते बोलायला नको होतं, वाईट बोलले, चुकलं माझं. हे म्हणाले, ‘असू दे.’ मग एकदम यांच्या लक्षात आलं. ‘कसलं पाणी ओतलंस?’

‘कसलं म्हणजे? नळाचं.’

‘नळाचं? अगं, आतून गंज चढेल! क्षार बसतील! सात कप! तुला काही...’

ओरडत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

शनिवारी सकाळी बाटली गॅरेजवाल्याकडून आणली, रेडिएटर रिकामा केला, पुन्हा नवं मिश्रण भरलं. झाकण काढून हीटर चालू ठेवून आतली हवा काढली, टाकी या वेळी बोटाने मोजून भरली. उरलेली बाटली यांनी माझ्यादेखत कपाटात ठेवून किल्ली माझ्या हातात दिली. ‘आता दोघांपैकी कुणी हात लावायचा नाही.’ ‘लावणारच नाही,’ मी म्हणाले. गाडी अर्धा तास तापवली. ट्रे कोरडा ठणठणीत. गाडी घेऊन आम्ही नदीपर्यंत जाऊन आलो. जाताना हे शिट्टी वाजवत होते आणि येताना मी दादांच्या खिडकीखाली गाडी थांबवायला लावली, दादांना हात केला, त्यांनीही केला. घरी येऊन हे म्हणाले, सोमवारची वेळ रद्द करायला सांगतो लेकीला. मी म्हणाले, उद्या सांगा, रविवारी ती निवांत असते.

रविवारी मी आठला यांना चहा देऊन उठवलं. घोरत होते नुसते. नऊला सवयीने गाडी सुरू केली, ट्रे ठेवला. मी कणभरही काळजी न करता खिडकीशी उभी होते. पंधरा मिनिटांनी हे वाकले आणि तसेच राहिले.

मी बाहेर गेले. ट्रेमध्ये पाणी. फिकं, एक कपभर.

‘अहो!’ माझा पारा चढलाच. ‘काय म्हणायचं तुम्हाला? काल शपथा घेतल्या ना? कपाटाला कुलूप, तर नळाचं ओतलंत? मला गंज शिकवलात आणि स्वतः? एवढी कसली खुमखुमी हो हाताला? लहान मूल ऐकेल, पण तुम्ही ऐकाल तर शपथ!’

यांनी ट्रेकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग खाली, माझ्या पायांकडे. तिथे नजर थोडी थांबली.

‘हो,’ हे म्हणाले. ‘मीच ओतलं. सकाळी. सवय लागली हाताला.’

‘बघा! निदान कबूल तरी केलंत!’ मी म्हणाले आणि ठसक्यात आत आले.

आत येऊन चपला काढल्या. चपला ओल्या होत्या. पार चिंब, आणि वादीत गवताची पाती अडकलेली. आत्ता मी घरातून गाडीपाशी गेले होते ते पुढच्या फरशीवरून, कोरड्या. गवत मागे आहे.

मी उभी राहिले. मापाचा कप ओट्यावर होता, उपडा, ओला. सहा वाजता मी काय करत होते ते आठवून बघितलं. दूध तापवलं ते आठवलं. त्याआधी दार उघडलं होतं का? आठवेना. परत आठवून बघितलं. एक्स्चेंजमधले नंबर आठवून बघितले, ते आले, धडाधड आले, पण आज सकाळचे सहा काही केल्या येईनात. हे तर आठपर्यंत घोरत होते. मीच उठवलं त्यांना. भीती वाटली मला, फार भीती वाटली, आणि ती सांगायला जवळ एकच माणूस होतं, ते बाहेर नुकतंच खोटं बोललं होतं.

अडतीस वर्षांत यांनी एक चूक कबूल केली नव्हती. पहिली केली ती न केलेली.

मी अनवाणीच बाहेर गेले. हे फडक्याने जमीन पुसत होते. आज गोल काढला नव्हता.

‘खरं सांगा,’ मी म्हणाले.

‘सांगितलं की. मीच.’ मान वर केली नाही. ‘आणि ती उद्याची वेळ आहे ना डॉक्टरची, ती राहू दे म्हणतो. घेतलीच आहे तर जाऊन येऊ. फक्त मला एकट्याला जायला नको वाटतं. तू येशील ना सोबत?’

फडकं पिळायचं राहून गेलं होतं, त्यातून त्यांच्या पायावर पाणी ठिबकत होतं.

‘येईन,’ मी म्हणाले. ‘मला आठवण करा.’